वहिफणीतली फणी, केळीची फणी आणि आजीची फणी: शब्द एकच का?

प्रश्न थोडक्यात असा: आजी म्हणते ती फणी केस विंचरायची. इचलकरंजीत यंत्रमागावर 'वहिफणी' ऐकू येते, जळगावकडचा केळीवाला 'दोन फण्या देऊ का' म्हणून विचारतो आणि आरतीत पुन्हा 'फणि' येतोच. हे सगळे एकाच शब्दाचे अर्थ की योगायोग? शिवाय हातमाग शिकायला घेतला आहे, जुनी 64 नंबरची फणी मिळते आहे. 40 नंबरच्या सुती धाग्याचा (नंबर जितका मोठा तितका धागा बारीक) बावीस इंच पन्ह्याचा, म्हणजे रुंदीचा, स्टोल तिच्यावर निघेल का?

शब्द एकाच कुळातले आहेत. मूळ 'फण', म्हणजे नागाचा पसरलेला फडा. पालीतल्या विनयपिटकात केस चोपून बसवायच्या साधनाला 'फणक' म्हटले आहे आणि पाली कोशकार त्याचा अर्थ नागाच्या फण्याच्या आकाराचे साधन असा देतात. म्हणजे फण्यावरून केसांच्या साधनाला नाव मिळण्याची गोष्ट बरीच जुनी. मराठीत पुढे या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. एका वाटेवर दातेरी वस्तू आहेत: केसांची फणी, मागाची फणी, तिफणीचे फण. इथे दात्यांपेक्षा दोन दात्यांमधली फट महत्त्वाची. मापही तिचे आणि तक्रारही तिचीच. दुसऱ्या वाटेवर नुसता पसरट, फड्यासारखा आकार: केळीची फणी, नागफणी, फड्या निवडुंग. लोणावळ्याजवळच्या ज्या सुळक्याला इंग्रजांनी ड्यूकचे नाक म्हटले, तो आपल्याकडे नागफणीच.

लिंगावरून अर्थ चटकन वेगळा काढता येतो. 'ती फणी' म्हणजे कंगवा, मागाचा भाग किंवा केळ्यांचा झुबका, अनेकवचन फण्या. 'तो फणी' म्हणजे नाग, आणि हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, त्यामुळे समासात ऱ्हस्व होतो: फणिधर, फणिवर. गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' आहे. ज्याने कमरेला नाग बांधला आहे तो, असा त्याचा अर्थ. मंडपात अर्धे लोक 'फणीवर वंदना' म्हणतात आणि फणीवर कसली वंदना हे कुणी विचारत नाही. 3 मे 2019 ला पुरीजवळ किनाऱ्याला धडकलेल्या चक्रीवादळाचे नावही हाच 'तो फणी'. नाव बांगलादेशाने सुचवलेले, बंगाली उच्चार 'फोनी'च्या जवळचा. आपल्याकडे त्याचे फनी, फानी, फोनी असे सगळे प्रकार छापून झाले. सरळ 'फणी' लिहिले असते तर मराठी वाचकाला अर्थासकट कळले असते.

फणस मात्र या कुळातला नाही, तो 'पनस'वरून आला. काजूची फेणीही नाही, तिचे नाते फेसाशी सांगतात.

आता केसांची फणी. फणी आणि कंगवा हे शब्द आज सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, पण जुन्या घरात फरक स्पष्ट असतो. कंगव्याचे दाते लांब आणि विरळ, बहुधा एकाच बाजूला, गुंता सोडवायला. फणी आखूड, दोन्ही बाजूंना दाते असलेली: एक बाजू जरा विरळ, दुसरी अगदी दाट, उवा-लिखा काढायला. वेणीफणी, फणेरपेटी, हरतालिकेच्या वाणातले फणी-करंडा या सगळ्यांत शब्द फणीच आहे, कंगवा कुठेच नाही. फणेरपेटी म्हणजे झाकणाला आतून आरसा लावलेली लाकडी पेटी. तिच्यात फणी, कुंकवाचा करंडा आणि कुंकू चिकटायला मेण.

लाकडी फणी घेताना रंग-नक्षी नंतर बघा, आधी लाकडाचा रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, बघा. रेषा दात्यांच्या लांबीच्या दिशेनेच हवा. आडव्या रेषाच्या लाकडात कापलेले दाते पहिल्याच गुंत्यात मुळाशी मोडतात. फणी उजेडासमोर धरा; सगळ्या फटींतून सारख्या जाडीची उजेडाची रेघ दिसली पाहिजे. मग जुन्या रेशमी ओढणीवरून हलकेच ओढा. तार अडकली तर दात्याला कूस आहे, ती डोक्याला ओरखडे काढणार. लाकडी फणी पाण्यात भिजत घालू नये: लाकूड फुगते, दाट बाजूच्या फटी मिटतात आणि वाळताना दाते मुळाशी तडकतात. सुक्या ब्रशने मळ काढून बोटभर खोबरेल चोळले की पुरे.

उवांसाठी मात्र लाकडापेक्षा धातूची दाट फणी चांगली. लीख साधारण 0.8 मिलिमीटर लांब आणि 0.3 मिलिमीटर रुंद असते. ती ओढून काढायची तर फट 0.2 ते 0.3 मिलिमीटरची हवी, आणि ओढताना तेवढीच राहायला हवी. प्लॅस्टिकचे दाते वाकतात, फट रुंदावते, लीख केसावरच राहते. केस ओले करून भरपूर कंडिशनर किंवा तेल लावायचे, बोटभर रुंदीची एकेक बट घेऊन मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची आणि प्रत्येक ओढीनंतर पांढऱ्या कापडावर पुसायची. एकदा करून भागत नाही, कारण लिखा फुटायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून पहिला, पाचवा, नववा आणि तेरावा दिवस असे चार वेळा करायचे. टाळूपासून सहा मिलिमीटरपेक्षा दूर गेलेल्या लिखा म्हणजे बहुधा रिकामी कवचे असतात, त्या दिसल्या म्हणून औषधाचा दुसरा मारा नको. धातूची फणी कडक गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली की काम झाले.

तिफण या शब्दात फण उघड दिसतो: तीन फणांचे पेरणीचे औत. ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरलाही 'पाच फणी', 'नऊ फणी' म्हणतात; तिथे फणी हे विशेषण. फणांतले अंतर म्हणजे दोन तासांतले, पेरलेल्या दोन ओळींतले, अंतर. अठरा इंचांवर ज्वारी पेरायची तर फण अठरा इंचांवर. चाड्यात (बी सोडायच्या वाटीत) मूठ सोडत असताना ओल्या मातीने एक नळा तुंबला तर त्या वेळी काहीच कळत नाही. आठ दिवसांनी उगवण झाली की दर तीन तासांतला एक रिकामा दिसतो.

हीच चूक मागावर जास्त बारीक आणि जास्त महाग पडते.

मागाची फणी म्हणजे दोन आडव्या पट्ट्यांमध्ये उभे बसवलेले शेकडो चपटे दाते. पूर्वी हे दाते बांबू-बोरूच्या कामट्यांचे असत, सुताने बांधलेले, आता पोलादाचे. ती हात्यात, म्हणजे पुढे-मागे झुलणाऱ्या चौकटीत बसते. तिची कामे तीन: ताण्याचे (उभे) धागे ठरावीक अंतरावर ठेवणे, आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला मागून आधार देणे आणि टाकलेला बाणा, म्हणजे तो आडवा धागा, कापडाच्या कडेला ठोकणे. वही वेगळी. वहीच्या डोळ्यातून गेलेला धागा पावडा (पायाखालची पट्टी) दाबल्यावर वर-खाली होतो, फणी त्याच धाग्याला बाजूला सरकू देत नाही. ताण्याचा प्रत्येक धागा आधी वहीतून आणि मग फणीतून ओवावा लागतो, म्हणून जोडशब्द 'वहिफणी'. इचलकरंजीत हे ओवण्याचेच काम करणारे वहिफणी कामगार वेगळे असतात, माग दुरुस्त ठेवणारा जॉबर वेगळा, बाण्याच्या कांड्या भरणारा कांडीवाला वेगळा. पैठण-येवल्याच्या हातमागावर शक्यतो पुन्हा ओवत बसत नाहीत. जुन्या ताण्याची शेपटे वहिफणीत तशीच ठेवून त्यांना नव्या रेशमाचा एकेक धागा पीळ देऊन जोडतात. ती सांधणी, आणि तिलाच दिवस जातो.

फणीचा नंबर म्हणजे दोन इंचांत असलेले दाते. एका इंचातले नव्हेत, आणि नवशिक्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. 64 ची फणी म्हणजे इंचाला 32 फटी. दर फटीत दोन धागे ओवायची रीत असल्याने इंचाला 64 धागे होतात, नंबर आणि धागे जुळतात, म्हणून ही पद्धत सोयीची. त्याच फणीत फटीत तीन-तीन धागे भरले तर इंचाला 96. परदेशी मागाबरोबर आलेल्या फण्यांवर मात्र दहा सेंटिमीटरमधले दाते लिहिलेले असू शकतात. आपली 64 ची फणी त्या हिशेबाने साधारण 126 ठरते. त्यामुळे पट्टीवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवता स्केल लावून दोन इंचांतले दाते मोजावेत, आणि तेही तीन जागी: दोन्ही कडांना आणि मध्ये. जुन्या फणीत मधले बांधकाम सैल होऊन तिथे दाते विरळ झालेले असतात.

नंबर निवडताना तयार कापडाचे धागे तसेच्या तसे धरू नयेत. मागावरून उतरले की कापड आखडते. सुती कापड पन्ह्यात चार ते सहा टक्के सहज. तयार कापडात इंचाला 68 धागे हवे असतील तर 64 ची फणी बरोबर बसते.

आता धागा त्या फटीत मावतो का? सुती धाग्याचा व्यास काढायचे कारखान्यातले सूत्र असे: सुताच्या नंबरचे वर्गमूळ घ्या, त्याला 28 ने गुणा, एक भागिले ते उत्तर म्हणजे इंचातला व्यास. 40 चे वर्गमूळ 6.32, गुणिले 28 म्हणजे 177. एक इंचाचा 177 वा भाग, म्हणजे 0.14 मिलिमीटर. 64 च्या फणीत एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचे अंतर 0.79 मिलिमीटर, निम्मी जागा पोलादाची धरली तर मोकळी फट 0.4 मिलिमीटरच्या आसपास. दोन धागे शेजारी 0.28 घेतात, आरामात बसतात. पण गाठ धाग्याच्या दुप्पट-तिप्पट जाड असते, म्हणजे 0.3 ते 0.43. शेजारी दुसरा धागा असताना ती दात्यांना घासून, त्यांना किंचित वाकवूनच जाते. लांब शेपटांची ढिली गाठ असेल तर अडते, धागा तुटतो आणि शेजारच्याला घेऊन तुटतो. ताणा वारंवार तुटतो म्हणून सुताला शिव्या देण्याआधी तुटलेली टोके बघा. तुटीची जागा दर वेळी फणीच्या मागे, गाठीपाशी असेल तर दोष गाठ मारणाऱ्याचा किंवा फणी गरजेपेक्षा दाट असल्याचा.

ओवताना दोघे लागतात. एक मागे बसून धागे क्रमाने पुढे देतो, दुसरा समोरून चपटा आकडा फटीत घालून जोडी ओढून घेतो. सुरुवात कडेपासून नको. ताण्याचा पन्हा मोजून फणीच्या मध्यापासून दोन्हीकडे निम्मा-निम्मा टाका आणि जिथे कड येईल तिथे खडूची खूण करा. फणीच्या एका टोकापासून सुरू केले तर ताणा एका बाजूला जातो, धोट्याला एका अंगाला जास्त धाव मिळते आणि काठ असमान येतात. दर इंचाला, म्हणजे 32 जोड्या झाल्या की, धागे एकत्र घेऊन सैल सरफास (ओढली की सुटणारी गाठ) मारत जा. सरफासाच्या आत चूक सापडली तर इंचभर उसवावे लागते, नाहीतर सगळे.

ओवणे संपले की ताणा बांधून वेगळ्या रंगाच्या जाड सुताने दोन-तीन इंच विणा आणि कापड उजेडासमोर धरा. उभी बारीक फट दिसली तर एक जागा रिकामी राहिली आहे. उभी जाड रेघ दिसली तर एका फटीत तीन किंवा चार धागे गेले आहेत. दुरुस्तीची पळवाट नाही: चुकीच्या जागेपासून जवळच्या काठापर्यंतचे सगळे धागे फणीतून काढून एकेक घर, म्हणजे एकेक फट, सरकवायचे. मध्यभागी चूक असेल तर निम्मा ताणा. 'धुतल्यावर जाईल' असे म्हणून पुढे विणू नका, रिकाम्या घराची फट धुण्याने जात नाही.

धुण्याने जातात ते फणीचे पट्टे, आणि ते वेगळे. फटीतली जोडी एकमेकांना चिकटून आणि दात्याच्या जागी किंचित अंतर, असे सबंध कापडभर दिसत राहते. सुती कापडात पहिल्या धुण्याला धागे सरकून ते बहुतेक मिटतात, रेशमात आणि गुळगुळीत कृत्रिम धाग्यात राहतात. उपाय मागावर आहे: मागच्या बाजूला ताणा ज्या आडव्या दांडीवरून येतो ती थोडी उचला. मग ताण्याचा वरचा आणि खालचा पदर सारखे ताणलेले राहत नाहीत, ढिल्या पदरातले धागे ठोक बसताना बाजूला सरकतात आणि अंतर भरून येते. खूप उचलली तर ढिले धागे धोट्याच्या वाटेत येतात, म्हणून बोटाच्या पेराएवढी उचलून बघत जावे.

जुनी फणी घेताना मधल्या उंचीवर बोटाचे नख आडवे फिरवा. वर्षानुवर्षे बाणा ठोकून आणि धोटा घासून दात्यांना तिथे बारीक खाचा पडलेल्या असतात. खाच सुताचे तंतू उचकटते आणि रेशीम तर कापतेच. खाचा एकाच पट्ट्यात असतील तर फणी उलटी, खालची बाजू वर करून बसवा. बहुतेक वेळा झीज मध्याच्या जरा वर किंवा खाली असते आणि उलटल्यावर कोरी जागा समोर येते. दाता वाकला असेल तर चपट्या तोंडाच्या बारीक चिमट्याने हळूहळू सरळ करा, कानस लावू नका. कानशीची कूस गंजापेक्षा वाईट. पावसाळ्यात वापरात नसलेल्या फणीला शिलाई मशिनच्या तेलाचा हात द्या, कागदात गुंडाळा, आडवी टांगून ठेवा. वापरण्याआधी तेल पुसून दोन बोटे पांढरे सूत विणून बघा, नाहीतर पहिल्या हातभर कापडावर तपकिरी डाग येतात.

केळीचे थोडक्यात. घडात फण्या, फणीत केळी, असा हिशेब. सर्वांत वरची फणी आधी उमलते आणि तिची केळी मोठी, खाली येत जाल तसतशी लहान. रावेर-यावलकडे घडावर आठ-नऊ फण्या राखून खालच्या कापून टाकतात आणि शेवटची फणी उमलली की केळफूल काढतात. न काढल्यास झाड पोसण्याचे बळ तिकडे घालवते. फणी दांड्यापासून वेगळी करताना केळ्यांच्या मुळाशी असलेला जाड भाग फणीलाच ठेवायचा आणि काप धारदार विळ्याने एकाच फटक्यात घ्यायचा. खडबडीत कापात बुरशी शिरते आणि केळी पिकायच्या आत देठाकडून काळी पडून गळतात. कापल्याबरोबर चीक येतो. फणी लगेच पाण्यात, तुरटी टाकलेल्या असेल तर उत्तम. चीक वाळला की सालीवरचे काळे ओघळ जात नाहीत.

आता तुमचा स्टोल. 40 नंबरच्या एकेरी सुताला ताणा-बाणा सारख्या दाट असलेल्या साध्या विणीत या सूत्राने इंचाला सुमारे 88 धागे बसतात (177 चे निम्मे). 64 म्हणजे त्याच्या पाऊण हिश्शाला जरा कमी. स्टोलला हवा तसा मऊ, अंगाला लोंबणारा पोत येईल. बावीस इंच तयार पन्ह्यासाठी फणीत साडेतेवीस इंच भरा. साडेतेवीस गुणिले 32 म्हणजे 752 घरे, दर घरात दोन धरून 1504 धागे. दोन्ही काठांच्या शेवटच्या चार-चार घरांत दोनऐवजी चार धागे घाला, म्हणजे आणखी 16, एकूण 1520. तीन स्टोल एकदम लावायचे तर प्रत्येकी 2 मीटर, झालरीला आणि आखडण्याला 30 सेंटिमीटर, शिवाय मागाला बांधण्यात वाया जाणारा एक मीटर धरून ताणा आठ मीटरचा घ्या. 40 नंबरचे सूत एका ग्रॅमला सुमारे 67 मीटर निघते, म्हणजे ताण्याला 180 ग्रॅम. ताण्यासाठी 200 ग्रॅम सूत आणा. एकेरी सुताला खळ दिल्याशिवाय फणीत घालू नका, दुसऱ्याच हातभर विणीत तंतू निघून फटी भरतील. आणि फणी ताब्यात घेताना ती निदान 24 इंच लांब आहे ना, तुमच्या हात्याच्या खाचेत तिची उंची बसते ना, हे दोन्ही टेपने मोजा. यंत्रमागावरच्या फण्या बऱ्याचदा हातमागाच्या हात्यात उंचीने बसत नाहीत.